इतर, एका ओळीत

सोमवारी फोनवर फॉर्म आला.
स्वयंसेवक म्हणून आपण कितपत समाधानी आहात?
एक ते पाच, चांदण्यांवर बोट ठेवा.
खाली चहा-नाश्ता, टी-शर्ट, प्रमाणपत्र, संयोजकांची वागणूक.
आणि अगदी तळाशी 'इतर'.
तिथं जागा एका ओळीची.

चहा थंड होता, हे खरं.
पोहे आले तेव्हा पहिला नंबर घरी पोचून
आंघोळ करत असावा.
टी-शर्टात मी आणि माझा मेहुणा दोघं मावलो असतो.
प्रमाणपत्रावर नागवेकरचं नागरेकर झालंय. चालतं.
एसटीच्या पगारपत्रकातही बत्तीस वर्षं
ते धड आलं नाही.

रत्नागिरी-पूर्णगड गाडीवर कंडक्टर होतो मी.
हाच रस्ता, हाच भाट्याचा पूल.
खाडीचा वास आला की न बघता दोरी ओढायचो.
माणसं ठाऊक ती हातांवरून:
मासळीच्या पाटीचा ओला हात,
शाळेच्या पासाचा, शाई लागलेला,
सुट्टे नसलेला, मुद्दाम उशिरा उघडणारा.
चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पुढचा थांबा यायचा.

रविवारी त्याच रस्त्यावर गाड्या बंद.
सुरूबनाच्या कडेला, सोळाव्या किलोमीटरला,
मी उभा, हातात कागदी ग्लास.
पहिले आले ते ग्लास घेत नव्हते,
हिसकावत होते. अर्धं पाणी माझ्या बाहीत.
शेजारी निलोफर मुकादम, अकरावी सायन्स.
म्हणाली, काका, घट्ट धरू नका,
तळहातावर ठेवा नुसता, जाऊ दे त्याला.
निवृत्तीनंतर नवीन काम शिकलो,
हे कुठल्या चांदणीत बसवायचं?

आठनंतर ऊन पुलावर चढलं,
आणि ज्यांना आम्ही लागत होतो ती माणसं यायला लागली.
चिपळूणची एक डॉक्टरीण, पोटरीत गोळा आलेला.
निलोफरनं तिचा पाय मांडीवर घेऊन चोळला,
मी मीठ लावून संत्र्याच्या फोडी देत राहिलो
आणि ती मोठ्यानं आकडे मोजत राहिली, का कोण जाणे.
मग माझ्याच वयाचा एकजण,
पुढं गेलेला, उलटा वळून आला:
अरे, तू तर पूर्णगड गाडीवाला!
सुट्ट्यांपायी मला गोळपला उतरवलंस, भर दुपारचा!
मला काही आठवेना.
दोन ग्लास दिले त्याला.
वरचे पैसे मागितले नाहीत.

सव्वानऊला निरोप आला, टेबल आवरा.
टेम्पोत टेबल चढलं, जार चढले.
निलोफर खोक्याच्या पुठ्ठ्यावर नंबर खोडत होती.
काका, आठशे बारा गेलेली नाही अजून.
एक जार उतरवून घेतला. टेम्पोवाला काहीतरी बोलला,
बोलू दे.
आम्ही कठड्यावर बसलो.
ओहोटी लागली होती, चिखलात बगळे.

ती आली चालत, बूट हातात,
मोजे काळे झालेले.
किती राहिलं हो?

हाच प्रश्न जन्मभर ऐकला.
जन्मभर म्हणालो, आलंच, आलंच,
आणि पुढच्या सीटकडे वळलो.
ह्या वेळी म्हणालो, पाच किलोमीटर, वर शंभर मीटर.
पुलावर वारा समोरून आहे. मग चढ.
ती हसली. म्हणाली, सकाळपासून सगळे सांगतायत
थोडंच राहिलंय.
सावकाश प्यायली.
ग्लास फेकला नाही, माझ्या हातात परत दिला,
नाव विचारलं. दत्ताराम, म्हटलं.
बरं दत्ताराम, निघते.

आणि माझा हात वर गेला.
दोरी नव्हती तिथं, नुसती सुरूची सावली.
तरी दोनदा ओढली.
निलोफरनं पाहिलं, काही बोलली नाही.

तर 'इतर'मध्ये लिहितोय, एका ओळीत:
पुढच्या वर्षी पुन्हा सोळावाच द्या, आणि निलोफरला लहान मापाचा टी-शर्ट.
चांदण्या तीन.
चहा थंडच होता.