खाली गाडी

सावदा-फैजपूर रस्त्यावर माझा वजनकाटा आहे.
माझा म्हणजे मालकाचा. मी पावत्या फाडतो.
केळीची गाडी आधी खाली चढते, मग भरून.
दोन आकडे आणि मधली वजाबाकी,
सतरा वर्षं एवढंच.

परवा वजाबाकी चुकली.
एकीचं खाली वजन दुसरीच्या पावतीवर गेलं,
अकरा क्विंटल हवेत.
वासुदेव भंगाळे ओरडले नाहीत.
पावती काचेखालून परत सरकवली
आणि माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.
डाव्या हातात
कुठल्याशा गावचा कुणीतरी माणूस
कढईत जिलब्या सोडत होता.

मग मी ठरवलं.
ठरवण्यात मी आधीपासून पक्का.
तंबाखू चारदा सोडली,
दुपारचा तिसरा चहा सोडला,
सगळ्या तारखा कॅलेंडरच्या पाठीमागं आहेत अजून,
काहींवर चहाचे गोल डाग.

या खेपेला म्हटलं, सोडायचं नाही, नुसतं मोजायचं.
काटेवाल्याला तेवढं तरी यावं.
हात खिशाकडे गेला की भिंतीवर खडूची रेघ.
सोमवारी एकशे त्रेचाळीस.
त्यात फोन खरंच वाजला होता नऊदा.
मंगळवारी कमी भरल्या,
खडू संपला होता.

बुधवारी फोन घरीच,
तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसून आलो.
रजनी म्हणाली,
"आता डाळ काढू कशी?
का आधी तुमाले फोन करून इचारू?"

दुपार. शेहेचाळीस डिग्री.
कूलरचं गवत वाळून खडखडतंय
आणि हात आपला जातोच,
रिकामा खिसा चाचपून परत येतो.
मग पेनाचं टोपण काढ, लाव,
बिनपिनांचा स्टेपलर दाबत बस,
पावतीबुकाच्या कडेला त्रिकोण, त्रिकोणात त्रिकोण.
एक गेलं की दुसरं त्याच्या जागेवर येऊन बसतं,
लग्नातल्या खुर्चीसारखं.

शेवटी गुरमेलला विचारलं,
लुधियाना कितना टाइम?
सहा वर्षं येतोय तो काट्यावर, आणि मी आज विचारलं.
त्यानं चाळीस मिनिटं घेतली.
मध्ये दोनदा मला कंटाळा आला, कबूल करतो.
पण एक सांगितलं त्यानं.
हिरवे घड भरून निघालो, आणि रात्री केबिनमध्ये
पिकल्याचा गोड वास यायला लागला
की मग गाडी थांबवायची नाही,
भूक लागली तरी, झोप आली तरी.

संध्याकाळी तेजल गणितं घेऊन बसली.
"पप्पा, खाली गाडीचं वजन कायले करता?
खाली तं खालीच ना?"
मी सांगितलं. लोखंड, टायर, फळ्या, ताडपत्री,
ते वजा केल्याशिवाय केळी किती हे कळत नाही.
"मंग डिझेल? ते तं कमी-जास्त व्हत असन."
मी थांबलो.
सतरा वर्षं. डिझेल.
ती वही उलटत म्हणाली,
"हे मी तुमाले दिवाळीतबी इचारलं होतं."
मंग मी काय म्हणालो?
"तुमी हो म्हणले."

रजनीनं भाकरी उलटायची थांबवली नाही,
फक्त तव्यावर उलथणं जरा जोरात वाजलं.

शनिवारी एकसष्ट रेघा.
एकसष्ट म्हणजे कमी का जास्त,
हे ज्याला विचारावं असा माणूस नाही इथं.
फोनच्या भोकात डाळीचा दाणा अडकलाय,
पलीकडचा प्रत्येक जण आता लांबून बोलल्यासारखा.

रात्री शेवटची गाडी गेल्यावर
चपला काढून मी स्वतःच काट्यावर चढलो.
पत्रा अजून गरम होता.
बाहेरचा आकड्यांचा डबा बंद पडलाय कधीचा,
आकडा दिसतो तो आत, केबिनमध्ये,
जिथं मी बसतो.
उतरलो, धावत आत गेलो.
शून्य.

पुन्हा चढलो.
पुन्हा धावलो.

रावेरकडून एक हॉर्न आला.
मी चपला शोधत होतो.