ठोंब

इथे पाय कसा टाकायचा
हे व्हेंडेल एकदाच सांगतो, तेही मागे न बघता:
"डोक्यावर दे. मधे देऊ नकोस."

मधे म्हणजे काळं पाणी,
दिसतं वीतभर, निघतं कमरेएवढं.
डोकं म्हणजे लव्हाळ्याच्या गणगोतातल्या या गवताचा माथा,
झिंज्या चहूकडे सोडलेला,
पाय पडला की डुलतो, खचत नाही.
हंगेरीच्या या दलदलीत त्याला झोंबेक म्हणतात.
ठोंब म्हटलं तरी ओ देईल.

बोरोका वहीत लिहिते:
क्रमांक एकेचाळीस. उंची सत्त्याण्णव सेंटिमीटर. वय
आणि थांबते.
कडेने सुरीचा एक काप घेते.
आत माती जवळजवळ नाहीच.
गेल्या सालची मेलेली पानं,
खाली त्याच्या आदल्या सालची,
त्याखाली कुणी न मोजलेली,
आणि त्या सगळ्यांतून वाट काढत
पाण्याकडे उतरलेली जिवंत मुळं.
आपल्याच मेलेल्यांवर चढून
हा एवढा उंच झालेला.
वयाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

व्हेंडेलचा बाप हिवाळ्यात करवत घेऊन यायचा.
पाणी गोठलं की बर्फालगत मान कापायची,
ढकलगाडीवर घालून घरी,
माथा भादरला की झालं बसायला स्टूल.
गावात प्रत्येक चुलीपुढे एक असायचंच.
त्यांच्याकडच्या स्टुलावर आई, एतेल्का,
बटाटे सोलत बसायची.
फेब्रुवारीत एकदा तिच्या पोटरीला
काहीतरी टोचलं.
वाकून बघते तर
स्टुलाच्या कडेतून हिरवं पातं,
सुईएवढं,
चुलीच्या उबेला वसंत समजलेलं.

ती उठली.
"नेऊन ठेव परत."
बाप हसला, मग हसायचा थांबला.
सात वर्षांचा व्हेंडेल कंदील धरून बरोबर गेला.
बर्फ फोडलं.
तोडलेलं बूड कुठलं ते सापडेना,
म्हणून दुसऱ्याच एका जागी
चिखलात दाबून ठेवलं.
परतताना कुणी बोललं नाही.

पुढे कालवा खणला, पाणी उतरलं,
कितीतरी ठोंब कोरडे उभ्याउभ्या वाळले,
वऱ्हाड गेल्यावर मांडवात राहिलेल्या खुर्च्यांसारखे.
आता कालव्याला बांध घातलाय.
पाणी परत येतंय, म्हणून ही मोजणी.

क्रमांक बेचाळीस.
बुटका, जरा कललेला.
बोरोका टेप उलगडते, वर बघते:
व्हेंडेल त्याच्यापाशी थांबलाय.
आणि मग पासष्ट वर्षांचा तो माणूस
काठी टेकत, सावकाश,
कमरेपर्यंत काळ्या पाण्यात उतरतो
आणि वळसा घालून
पलीकडच्या डोक्यावर चढतो.