लूप दोन, पत्ता चौतीस

रात्री सव्वातीनला पॅनल सगळ्यांच्या नावाने ओरडतं,
झोपेतून उठून फोंड्याहून केप्याला यायचं मात्र मी.
या महिन्यातली ही चौथी खेप.

पडद्यावर तेच: लूप दोन, पत्ता चौतीस,
धूर. खोली बारा.
खोली बारात धूर नाही.
खोली बारात आर्सेनिया माय आहे, वय अठ्ठ्याऐंशी,
खाटेच्या कडेवर, चपला घालून तयार,
मांडीवर पिशवी: पासबुक, कवळी, नवऱ्याचा फोटो.
"म्हजी चूक," ती म्हणते. चारही वेळा हेच म्हणाली.
सांत आंतोनपुढची मेणबत्ती
तिने पहिल्याच रात्री विझवली,
दुसऱ्या रात्री काडेपेटी सिस्टरांकडे दिली,
तिसऱ्या रात्रीपासून तसबीरच पालथी.

"आगीशिवाय धूर नसतो हो," मॅनेजर म्हणतो.
त्याला काय सांगू?
छतावरच्या डबीला धूर कळतच नाही.
आतल्या काळोखात उजेडाची एक तिरीप,
तिला कुणीतरी आडवं आलं, एवढंच कळतं.
धूळ असो, वाफ असो, कोळ्याचं पिल्लू असो.

पहिल्या खेपेला ब्रशने झाडली.
दुसऱ्या खेपेला तारेवरचा हिरवा गंज खरवडला.
तिसऱ्या खेपेला डबीच नवी बसवली, बिलही लावलं.
तरी सव्वातीन. तरी चौतीस.

आज डोळ्यांवर झोप होती.
लूप बंद न करताच डबी पिळून काढली
आणि शर्टाच्या खिशात टाकली.
आता पॅनलने ठणाणा करायला हवा होता,
चौतीस हरवला, चौतीस उत्तर देत नाही.
खाली येऊन पाहतो तर सगळं हिरवं.
चौतीस आहे. चौतीस ठीक आहे.
मी खिसा चाचपला.

वॉचमन पुनो वेळीप माझ्या मागून वाकून बघत होता.
एकतीस वर्षं बाळ्ळीला पोस्टमन.
"एका वाड्यावर दोन कायतान फेर्नांदिस होते," तो म्हणाला,
"मनीऑर्डर एकाची, सही दुसऱ्याची.
दोघंही खरं बोलायचे."

मग दोघं निघालो, प्रत्येक छताखाली थांबत,
काठीवर धुराचा डबा.
जिना. देवघर. सिस्टरांची खोली.
तळमजल्यावर लॉन्ड्रीत शिरलो
तर चष्म्यावर धुकं.
नळाला पाणी तीनला येतं,
म्हणून सुलक्षा चादरी तीनलाच उकळते.
वर, वाफेत बुडालेली एक डबी,
जूनमध्ये कुठल्याशा पोऱ्याने बसवलेली,
दोन्ही चकत्या जशाच्या तशा नकललेल्या:
तीन. चार.

सुलक्षा पदराने तोंड पुसत म्हणाली, "मी काय केलं?"
काही नाही केलंस, बाई.
फक्त इथे खरीच लागली असती
तर सगळे बादल्या घेऊन
खोली बाराकडे धावले असते.

वाफेतली डबी उतरवली, उष्णतेची चढवली,
स्क्रूड्रायव्हरने चारचा नऊ केला.
पॅनलवर एकेक अक्षर दाबत लिहिलं: लॉन्ड्री.
मग खिशातली डबी परत बाराच्या छताला,
आणि पॅनल हाका मारत सुटलं,
तेहतीस? आहे. चौतीस? आहे. पस्तीस?
एकोणचाळीस जरा थांबून बोलला,
नव्या नावाला ओ देताना होतं तसं.

उजाडता उजाडता बारात गेलो.
"तू न्हय, माय. तुजी मेणबत्ती न्हय."
तिने चपला काढल्या. पिशवी उशाखाली सरकवली.
भिंतीकडे तोंड करून पडलेला सांत आंतोन
उचलून पदराने पुसला.
मी म्हटलं, बिचाऱ्याला उगाच शिक्षा झाली.
"उगाच?" म्हातारी माझ्याकडे
नवशिक्याकडे बघावं तशी बघत राहिली.
"हरवलेलं शोधायचं काम त्याचं.
पालथा घातला, म्हणून तर मेळ्ळें."

रिपोर्टात एक रकाना असतो:
दोष कसा सापडला.
पुनोने चहा आणला, तो संपला,
गेटाबाहेर पोदेराचा भोंपू वाजून गेला,
रकाना अजून कोराच आहे.