दुसरी नळी

पंप नवा, रेडिएटर नवा,
तरी नारिनच्या घाटात
माझ्या जुन्या ऑडीचा हीटर
थंडच फुंकतोय.
काटा मध्यावर. इंजिन ऊन.
काचेला मात्र आतून बर्फ,
आणि मागे आई,
मेंढीच्या कातड्यात, एक शब्द न बोलता.

बुरुल्चा बॉनेट उघडते,
दातांनी हातमोजा ओढते.
एक नळी चटका देते.
दुसरी मेलेल्या माशासारखी.
"वाट अडवून बसलंय कुणीतरी."
कुणीतरी म्हणजे हवा.
मीच कोंडलेली, मंगळवारी,
पाणी भरायच्या घाईत.

झाकणाला हात लावू देत नाही.
आधी निवू दे, म्हणते.
उणे सव्वीसात
निवायची वाट बघायची!

मग गाडी चढावर, नाक आभाळाकडे,
झाकण उघडं, इंजिन सुरू,
आणि जाड नळी ती दाबत राहते
घोडीची धार काढावी तशी.
बुड्.
बराच वेळ काही नाही.
बुड् बुड् बुड्.
हिरवं पाणी झर्रकन खाली जातं.
ती ओतते. अजून ओतते.
पैशांचं विचारलं तर
दुसऱ्या नळीवर माझा हात ठेवते.

घाट उतरताना मागून
सकाळपासूनचं पहिलं वाक्य:
"खिडकी उघड जरा.
उकडतंय."