लेखा शाखा, कसबा बावडा

मार्चअखेर. टेबलावर सत्तेचाळीस व्हाउचरं,
वर पंचगंगेतला एक गोटा,
आधीचे भाऊसाहेब निवृत्त होताना ठेवून गेलेले.

विषय : संशयित परदेशी नागरिक, पडताळणी मोहीम.
गुजरीतून अकरा जण उचलले होते.
अकरांचं जेवण, दिवस एकोणीस.
भाड्यानं घेतलेलं मंगल कार्यालय
(लग्नसराई होती, मालकानं दर उतरवला नाही).
सीपीआरमध्ये तपासणी. झेरॉक्स. चित्रीकरणवाला.
डिझेल.
फौजदार एक, अंमलदार तीन,
कोल्हापूर ते पुणे, पुणे ते हावडा,
तिथून बस, मग होडी, मग टमटम,
हुगळीतल्या एका गावापर्यंत,
जिथं पंचायतीतल्या बाईंनी त्यांना मासे-भात वाढला
आणि फोटो बघून म्हणाल्या,
हा? हा तर आमच्या मल्लिक मास्तरांचा थोरला, हसीबुल.
हे व्हाउचरात नाही.
हे अंमलदार कांडगावकर प्रवासबिल जोडताना सांगत होते.
वर म्हणाले, "मासा लई काटेरी ओ मॅडम, पण माणसं बरी."

दुभाषा : गुजरीतलाच एक पॉलिशवाला.
मानधन : निरंक.

कोषागारानं एकच आक्षेप काढला.
टमटमचे एकशे वीस रुपये, पावती नाही.

दाराला कडी मीही घालते.
रात्री उठून एकदा चाचपूनही बघते.
अकरात एकाचं आधार खोटं निघालं, हेही खरंच.
त्याची फाईल वेगळी, ती पुण्याला गेली.
पण चार लाख अडतीस हजार दोनशे साठ
अकरांवर वाटायचे, की त्या एकावर?
दोन्ही भागाकार पेन्सिलीनं मांडले,
मग खोडले. नमुन्यात तसा रकाना नाही.
खोडरबराचा चुरा फुंकला,
तो गोट्याला चिकटून राहिला.

माझ्या साजातला मासा हसीबुलकडे होता.
कडी निखळली म्हणून जानेवारीत टाकलेला.
दुकानाला सील, ड्रॉवरला सील,
मासा सरकारच्या ताब्यात,
आणि सील काढायची टिपणी माझ्याच टेबलावर.
जरा लवकर पुढं सरकवली का मी? हो.
ती माणुसकी होती की मासा,
अजून ठरवता आलेलं नाही.

काल गेले. स्कूटी लावायला जागा मिळेना.
तो पाटावर, फुंकणी ओठात, भिंग डोळ्याला,
दाढी एकोणीस दिवसांची तशीच.
मासा हातावर ठेवला. कडी आता माझ्या बोटांनाही सापडेना.
मजुरी साडेतीनशे, वर कर साडेसतरा.
न मागता पक्कं बिल फाडलं.
"आता सगळं पक्कंच ठेवतो, मॅडम."
त्याची मराठी गुजरीतली, बावीस वर्षं घासलेली.
ते साडेसतरा रुपये कुठं जाऊन पोचतील
ते मला लेखाशीर्षासकट पाठ आहे.

"तुम्ही तिथंच ना कामाला?
आमच्यावर किती खर्च झाला ओ?"

सांगायचं नसतं. सांगितला. रुपयापर्यंत.

भिंगावरून नजर न उचलता त्यानं विचारलं,
"जीएसटी धरून, का वेगळा?"