बेडं

इनास रॉड्रिग्ज बोटीवरून कायमचा उतरला
तेव्हा त्याच्या ट्रंकेत साबणाच्या वड्या होत्या
आणि सात फ्लॉपी, बनियनमध्ये गुंडाळलेल्या.
"ह्यां युनिक्साचां धाकटां भावंड," तो म्हणाला,
"तुझ्या डब्याक शिस्त लावूया."

माझा डबा म्हणजे
दाभोली नाक्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे
जुन्या टीव्हीला जोडलेला कीबोर्ड
आणि फणसाच्या फळ्यांची पेटी, आत मी डाग दिलेलं सर्किट.
बटण दाबलं की दोन सेकंदांत पडद्यावर: तयार.
मी तयार असो वा नसो.

त्यावर मी भरतीच्या वेळा काढायचो.
तिथीला पाऊणने गुणायचं, येतो तो तास.
मांडवीवरचा भिकाजी तांडेल हे बोटांवर काढतो,
त्याला वीज लागत नाही.

इनासची पहिली अट: यंत्रानं आधी विचारावं, कोण तू?
मी म्हटलं, घरात मी एकटा.
मलाच मी कोण म्हणून का सांगू?

दुसरी, नावांची.
मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं, लहानातलं वेगळं.
आपल्या लिपीत अक्षराला थोरला-धाकटा नाही,
पण ह्रस्वदीर्घापायी तिसरीत मी छड्या खाल्ल्यात,
त्यामुळे पटलं. आवडलं नाही.

मग म्हणाला, प्रत्येक हत्यारानं एकच काम करावं.
मी आत जाऊन आडाळो आणला, त्याच्यापुढे ठेवला.
ह्याच्यावर बांगडा चिरतो,
ह्याच्याच तोंडानं नारळ खवतो,
वारा सुटला की दाराला हाच लावतो.
इनास बराच वेळ आडाळ्याकडे बघत राहिला.
"म्हणानच," तो म्हणाला,
"तुझ्या खोबऱ्याक माशाचो वास येता."

पन्हळ मात्र मी पहिल्या दिवशीच मान्य केली.
एका कामाचं तोंड दुसऱ्या कामाच्या पोटाशी जोडायचं, बस.
आजोळी झऱ्याचं पाणी असंच यायचं,
चिरलेल्या पोफळीतून, उतारानं, माडांच्या आळ्यापर्यंत.
झऱ्याला माड ठाऊक नसायचे.
पोफळ स्वतःसाठी काही ठेवायची नाही,
थोडं शेवाळ सोडलं तर.

आणि काम झालं की यंत्र गप्प.
झालं, एवढंसुद्धा म्हणणार नाही.
असा शेजारी वेंगुर्ल्यात आठ दिवस टिकणार नाही,
मी म्हटलं, आणि फ्लॉपी परत बनियनमध्ये गुंडाळल्या.

आषाढातल्या एका शनिवारी
जुनं काहीबाही पुसायला बसलो होतो.
एक चांदणी चुकीच्या जागी उगवली, एवढंच.
तीन वर्षं धक्क्यावर छत्री धरून
मी लिहून घेतलं होतं, सूत्र कुठल्या तिथीला किती मिनिटं चुकतं.
ते सगळं गेलं.
यंत्रानं विचारलं नाही, खरंच का?
त्याला विचारायला मी शिकवलंच नव्हतं.
दोन सेकंदांत पडद्यावर: तयार.

इनास आला, हसला नाही.
माझ्या आवाराच्या गडग्याकडे बोट केलं,
मधल्या बेड्याकडे, तीन आडव्या बांबूंकडे.
"ह्यां चोरांसाठी घातलंस? चोर सरकवन येतलो.
ह्यां ढोरांसाठी."
त्या रात्री ढोर मी होतो.
"आणि धनी असलंस तरी
चोवीस तास धनी होवन बसू नको."

आता डबा जागा व्हायला दीड मिनिट घेतो.
तेवढ्यात मी चहाचं आधण ठेवतो.
त्याच्यावर मी दोन माणसं आहे:
एक रोजचा, ज्याला फारसं काही पुसता येत नाही,
आणि एक धनी, त्याचा परवलीचा शब्द
टीव्हीच्या पाठीवर खडूनं लिहिलाय.
इनासला हे सांगितलेलं नाही.

अजून मला पुरतं पटलेलं नाही.
पण परवा वीज गेली आणि पहाटे आली,
पडदा उजळला, आणि काळोख्या घरात कुणीतरी विचारलं, कोण?
अकरा वर्षांत ह्या घरात कुणी विचारलं नव्हतं.
मी उठलो, चष्मा शोधला,
एकेक अक्षर बघत माझं नाव लिहिलं.

मग तिथी घातली. दशमी.
साडेसात, तो म्हणाला.
धक्क्यावर पाणी लागलं आठला पाच कमी असताना.
छत्री घेऊन मी तसं लिहून ठेवलं.