साताचा एक

डनेडिनच्या बंदरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये
मोराग रेनी गाड्यांवर अक्षरं काढते.
चिकटपट्टीची अक्षरं तिला येत नाहीत असं नाही,
पण खारीच्या केसांचा ब्रश हातात असला
की ती कमी बोलते, आणि गिऱ्हाइकाला ते बरं पडतं.

तेविता फोनुआ आला तो कागद भरून घेऊन:
गळती, पन्हळी, कौलं, चिमण्या, शेवाळ काढणे,
चोवीस तास सेवा, वाजवी दर, मोफत अंदाज,
ईमेल, एक इंद्रधनुष्य, एक हसरं घर,
आणि मागच्या दारावर स्तोत्रातली एक ओळ.
"व्हॅन आहे की वर्तमानपत्र?" मोराग म्हणाली.

मग तिनं त्याला रस्त्यापलीकडे उभं केलं,
उतारावरून येणाऱ्या गाड्या वाचायला लावल्या.
पहिली गेली. काय वाचलंस? "निळी होती."
दुसरी? "कुत्रा होता चित्रात. कुत्रे धुतात वाटतं."
तिसरी पावाची. तिचं नाव त्यानं सांगितलं,
नंबरही अर्धा सांगितला.
"शब्द किती होते?"
"दोन."
"माझेच आहेत ते," म्हणाली, आणि नाक पुसलं.

घासाघीस पैशांची झालीच नाही, शब्दांची झाली.
इंद्रधनुष्य गेलं. हसरं घर गेलं.
वाजवी दर सगळेच लिहितात, म्हणून गेले.
स्तोत्रावर तो अडला. ती म्हणाली, आतून लिहिते,
तुझ्या डोळ्यांसमोर. देवाला चष्मा लागत नाही.
उरलं एवढंच:
छत गळतंय? तेविता.
आणि खाली नंबर, वीतभर उंच,
गडद हिरव्यावर सायीच्या रंगाचा.

"आणि ही एवढी रिकामी जागा? हिचेही पैसे?"
"तिचेच तर घेते."
त्यांच्या लिपीला वर रेघ नाही,
अक्षरं एकमेकांचा हात धरून उभी राहत नाहीत.
दोघांमधली हवा डोळ्यांनी मोजावी लागते,
कुठे बोटभर, कुठे नखभर,
नाहीतर शब्द दात पडल्यासारखा दिसतो.
सरकत्या दाराच्या फटीत एखादं अक्षर सापडू नये
म्हणून तिनं दार नऊ वेळा उघडून पाहिलं.

सहा वर्षांनी व्हॅन परत आली.
दार ढकलताना रोज जिथे त्याचा तळवा पडायचा
तिथे शेवटच्या साताची आडवी रेघ झिजली होती.
लांबून सरळ एक.
आणि त्या एकाच्या नंबरावर, मॉसगीलमध्ये,
विनिफ्रेड टॉड, वय ब्याऐंशी, घरात एकटी,
पहिल्या दोघांवर खेकसली,
तिसऱ्याला विचारलं, बादली ठेवलीत का खाली?
मग तेविताला शोधून काढलं तिनं.
आता वही घातली आहे: कुणाचं छत, कुठल्या खोलीत,
थेंब की धार. दर शुक्रवारी वाचून दाखवते.

"सात करायचाय ना परत?" मोरागनं डबी उघडली.
तेविता टोपी हातात फिरवत राहिला.
"ती म्हणते, हिवाळा सरेपर्यंत राहू दे.
हिवाळ्यात फोन जास्त येतात."

मोराग तीस पावलं लांब गेली, बघून आली.
झिजलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं.
"लोक एक वाचणारच असतील," ती म्हणाली,
"तर नीट तरी वाचता यावा,"
आणि त्या एकाला
उभं राहायला खाली पाय काढून दिला.